थोरल्या दिरावर माझा दात

८ जानेवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला फोन करायचं दोनदा मनात आलं. पण फोनवर मला रडू येतं, आणि ह्या गोष्टीपायी मला रडायचं नाही. शिवाय मी फोन हातात घेतला की जाऊबाईंना नेमका माझ्याच दाराशी केर काढायचा असतो.

तुझा भाऊ बापू गेल्यापासून मी आपल्या दातांच्या लॅबच्या पुढच्या खोलीत बसते. तयार झालेल्या कॅपा, कवळ्या डब्यांत भरायच्या आणि डब्यावर दाताच्या डॉक्टरचं नाव घालायचं, एवढंच काम. काल आपल्याला काम देणारे दोन डॉक्टर भेटायला आले. भाऊजींनी चेहरा पाडला, चहा मागवला आणि त्यांना सांगितलं, की धाकट्याची छाती लहानपणापासूनच नाजूक, रक्तातच होतं, त्याला कोण काय करणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कवळी इतक्या जोरात डब्यात आपटली की एक दात निखळला. कुणा बिचाऱ्याचं जेवण लांबवलं मी.

रक्तातच होतं म्हणे! मागच्या त्या खोलीला खिडकी आहे ती नावाला. उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे बसून ह्यांनी धातूच्या कॅपा घासल्या, वर्षानुवर्षं. घरी आले की पापण्यांवर करडी धूळ. धूळ ओढायचं मशीन मामंजींनी आणलेलं होतं, ते भाऊजींनी बंद करून टाकलं, का तर त्याच्या घरघरीत डॉक्टरांचे फोन ऐकू येत नाहीत. मग स्वस्तातला धातू आणायला लागले. विकणारा माणूस माझ्यासमोर सांगून गेला, की हा साच्यात पाण्यासारखा वाहतो, काम सोपं होतं, पण ह्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. भाऊजी हसून म्हणाले, आम्ही दात करतो, तोफगोळे नाही.

आधी म्हणाले टीबी. टीबीची औषधं पोटभर खाल्ली. मग म्हणाले टीबी नव्हेच, दुसरंच काहीतरी. मग नाकाला नळी. पुढचं तुला ठाऊक आहे.

चिमे, तू नणंद म्हणून नाही, त्या संशोधनाच्या ऑफिसात आहेस म्हणून लिहिते आहे. आईबापांकडून आलेलं काय आणि कामाच्या हवेतून आलेलं काय, हेच तुम्ही शोधता ना? मग मला शोधून दे. मला नुकसानभरपाई नको, सहानुभूती नको. भाऊजींचे दात भाऊजींच्या घशात घालायचे आहेत.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
वहिनी

२२ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राग आला की तुझं अक्षर मोठं होतं. शेवटचं पान दुकानाची पाटी वाचावी तसं वाचलं.

आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. घरचं प्रकरण असल्यामुळे मी स्वतः तपासणीला हात लावणार नाही, मॅडमच बघतील. तपासणीसाठी काढलेला बापूच्या फुप्फुसाचा एक तुकडा इस्पितळात जपून ठेवलेला असेल. तुझी सही आली की तो मागवता येईल.

आमचं काम काय, असं तू दरवेळी विचारतेस आणि मी सांगायला लागले की जांभई देतेस. आज जांभई आवर. एकाच खोलीत, एकाच हवेत चार माणसं काम करतात. एक आजारी पडतो, तिघं धडधाकट राहतात. का? हा आमचा प्रश्न. दाताच्या स्वस्त धातूत बेरिलियम नावाचा एक धातू मिसळतात. काही लोकांचं रक्त त्याच्या धुळीला शत्रू समजतं आणि तिच्याशी भांडत राहतं. भांडणात फुप्फुसाला गाठी येतात, ते कडक होत जातं. टीबीसारखंच दिसतं, म्हणून डॉक्टरही फसतात. कुणाचं रक्त असं भांडखोर निघेल, हे बरंचसं एका जनुकावर अवलंबून असतं, आणि ते जनुक आईबापांकडून येतं.

मॅडमना तुमच्या शहरातल्या सगळ्याच दातांच्या लॅबमधल्या लोकांचं रक्त तपासायचं आहे. दादालाही विचारणार आहेत. तो माझाही भाऊ आहे, वहिनी. हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं, तरी खोडलं नाही.

वेळेवर जेव. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
चिमी

१९ फेब्रुवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

मॅडम आल्या आणि सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. बाई बारीकशी आहे, पण भाऊजींसारख्या माणसाला गप्प बसवते. मला फार आवडली.

भाऊजी स्वतः पहिले बसले. बाही वर करून सगळ्यांना भाषण दिलं, की आमच्या लॅबमध्ये लपवण्यासारखं काही नाही. सुई टोचली तेव्हा मात्र डोळे गच्च मिटले. मी समोरच उभी होते, मुद्दाम.

एक गोष्ट बरी दिसत नाही. ह्यांच्या जागी घासायला ठेवलेला माणूस टिकला नाही, तर आता भाऊजी स्वतः त्या टेबलाशी बसतात, आणि शेजारी बबीला बसवलंय. तुझी भाची हाताची फार हुशार आहे. मेणाचा दात असा कोरते की खऱ्याला लाज वाटावी. तिचं काम मेणाचं, धातूशी तिचा काय संबंध? मी जाऊबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, बापाच्या डोळ्यांसमोर शिकते आहे, तुझ्या पोटात का दुखतं? आता बोलायचं ते तुझा निकाल हातात आल्यावर.

लवकर कळव. जीव लावलास तसाच लावत राहा.
वहिनी

११ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मॅडमनी तुला फोनवर सांगितलंच आहे, तरी तुझ्या हातात असावं म्हणून लिहिते.

बापूच्या फुप्फुसात बेरिलियम सापडलं. त्याला टीबी कधीच नव्हता. तो त्या मागच्या खोलीतल्या धुळीने गेला. आणि दुसरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही, पण अर्धं खरं मी तुला पाठवणार नाही: ते जनुक त्याच्याकडे होतं.

बाकी कुणाचे निकाल काय आले, ते मला माहीत नाही. माहीत असते तरी सांगितले नसते. ज्याचा त्याला मॅडम समोर बसवून सांगतात. ज्यांना भेटायला बोलावलंय त्यांनी जावं, एवढंच.

मी काल बापूचा जुना फोटो काढून बसले होते. तुझ्याजवळ असते तर बरं झालं असतं.
तुझीच,
चिमी

२० एप्रिल

चि. चिमीस अ. आ.

तुझ्या वहिनीने तुमच्या संस्थेचा निकाल भर लॅबमध्ये, गिऱ्हाइकांसमोर माझ्यापुढे आदळला. मी मोठा आहे, शांतपणे सगळं वाचलं. तिने वाचलं असतं तर बरं झालं असतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की बापूच्या अंगात तसलं जनुक होतं. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? रक्तातच होतं. एवढी शिकून तूही शेवटी माझ्याच बोलण्यावर शिक्का मारलास, त्याबद्दल तुझं कौतुक वाटतं.

ह्यातून मी एक चांगला मार्ग काढला आहे. ह्यापुढे कामावर घेताना प्रत्येकाचं रक्त तपासून घ्यायचं. ज्याच्या अंगात ते जनुक, त्याला दुसरीकडे वाट दाखवायची. बाकीच्यांना धुळीने काही होत नाही, हे तुमचंच शास्त्र सांगतं. मग ते घरघरणारं मशीन कशाला हवं?

तुमच्या मॅडम मला भेटायला ये म्हणून सारख्या निरोप पाठवतात. मला काय धाड भरली आहे? सीझनचा खोकला आहे थोडा, सगळ्यांनाच आहे. सवड मिळाली की जाईन.

बबी छान तयार होते आहे. तुझी आठवण काढते.
तुझा,
दादा

२२ एप्रिल

चि. चिमीस आशीर्वाद. अनेक नाही, एकच, तोही वहिवाट म्हणून.

काय केलंस हे? मी तुझ्याकडे हत्यार मागितलं आणि तू ते त्यांच्या हातात दिलंस. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, शास्त्राने सिद्ध झालंय, धाकट्याच्या रक्तातच होतं. वर ह्यांचं नाव घेऊन डोळे पुसतात. मी पुढच्या खोलीत डबे भरत ऐकते. तुमच्या त्या जनुकाच्या शोधाने कुणाचं काय भलं झालं, मला सांग. मारणारा मोकळा सुटला आणि मेलेल्याच्या माथी खापर.

पण देव आंधळा नाही. भाऊजी खोकतात. सीझनचा खोकला नव्हे तो. ओला नाही, कोरडा. वाक्य अर्ध्यावर तोडणारा. हे खोकायचे तस्सा. परवा वरच्या मजल्यावर निघाले, तर मधल्या वळणावर थांबून फोन बघायला लागले. फोन बंद होता, चिमे. मला दिसला. हेही असेच थांबायचे, कधी फोन, कधी चपलेचा अंगठा.

मी ओळखलंय आणि मी एक अक्षर बोलणार नाही. रोज सकाळी त्यांना त्या टेबलाशी बसताना बघते आणि मला चहा गोड लागतो. बसू दे. घासू दे.

तू मला वाईट म्हणशील. म्हण.
वहिनी

२९ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

वाईट म्हणणार नाही. पण तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

ते जनुक माझ्यातही आहे. मी माझं रक्त बापूचा निकाल यायच्या आधीच तपासून घेतलं होतं. त्याच आईबापांची मी लेक, त्याच घरातली. माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत. मी जिने धावत चढते. फरक एवढाच, की मी शिकायला बाहेर पडले आणि बापू त्या टेबलाशी बसला. रक्तातच होतं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. रक्तात असूनही धुळीवाचून काही झालं नाही, ह्याचा पुरावा म्हणून मी उभी राहीन.

आता भलं कुणाचं, ते. नुसती हवा तपासली असती तर उत्तर आलं असतं की बहुतेक लोक धडधाकट आहेत, म्हणजे हवा ठीक आहे. नुसतं रक्त तपासलं असतं तर उत्तर आलं असतं की बिचाऱ्याचं नशीब. दोन्ही एकत्र बघितल्यावरच कळतं, की जी धूळ बहुतेकांना चालते ती काहींना मारते, आणि हे काही म्हणजे दुर्मीळ नव्हेत. असं जनुक असलेली माणसं प्रत्येक रस्त्यावर आहेत. म्हणून हवेची मर्यादा धडधाकटाकडे बघून नाही, बापूकडे बघून ठरवायची. दादा म्हणतो तशी माणसं निवडून काढायची नाहीत. ज्यांच्यात जनुक आहे त्यांतले कितीतरी कधीच आजारी पडत नाहीत, आणि ज्यांच्यात नाही त्यांतलेही काही पडतात. माणसं हाकलली तर त्यांची भाकरी जाते आणि धूळ तिथेच राहते. शिवाय आता एक तपासणी आहे; खोकला सुरू व्हायच्या आधीच रक्त भांडायला लागलंय का, ते सांगते. तेव्हाच माणूस धुळीतून उठला तर वाचू शकतो. बापूच्या वेळी हे कुणी केलं नाही.

दादाच्या निकालाबद्दल मी बोलू शकत नाही. पण तुझ्या कानांनी ऐकलेला खोकला हे काही कुणाचं गुपित नाही. मी त्याला फोन केला. त्याने मला उडवून लावलं. मला तो अजून फ्रॉकातली समजतो. तुला मात्र तो घाबरतो.

त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. मीही केलेलं नाही. फक्त त्या टेबलाशी तो एकटा बसत नाही, आणि बबी आमच्याच रक्ताची आहे.

माझ्यावर राग धर, पण पत्र थांबवू नकोस.
चिमी

१८ मे

चि. चिमीस अनेक, अनेक आशीर्वाद. मागची थकबाकी धरून.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. खोटं कशाला सांगू, भाऊजींना खोकताना बघायची मला चटक लागली होती. पण सोमवारी बबी मागच्या खोलीतून पुढे आली, माझ्याजवळ बसली, आणि तिच्या पापण्यांवर ती करडी धूळ होती. हातातला डबा मी खाली ठेवला.

उठले आणि आत गेले. भाऊजी कॅप घासत होते. घासायच्या मशीनचा प्लग मी उपटला. बबीला म्हटलं, घरी जा, अंघोळ कर, आणि ह्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन. ती गेली. भाऊजी उसळले. म्हणाले, तुला धंदा बुडवायचाय, नवरा गेल्याचा सूड उगवायचाय. मी म्हटलं, हो, उगवायचाय, चला माझ्याबरोबर वरच्या मजल्यावर.

का आले कोण जाणे. मी पुढे, ते मागे. मधल्या वळणावर थांबले. फोन काढायला हात खिशाकडे गेला, पण मी वर उभी राहून बघत होते, म्हणून तसाच राहिला. कठडा धरून श्वास ओढत राहिले. मग फार हळू आवाजात विचारलं, की बापूला असंच व्हायचं का. मी म्हटलं, सुरुवातीला असंच.

ते पायरीवर बसले. विचारलं, तुला कधीपासून कळलं होतं. मी सांगितलं, मार्चपासून. मग का बोलली नाहीस, म्हणाले. मी म्हटलं, कारण मला बघायचं होतं. चिमे, त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मला ह्या सगळ्या महिन्यांत मिळालेलं एकमेव औषध. मग म्हणाले, आता का बोललीस?

तेव्हा मी मनातलं सगळं बोलले. म्हटलं, तुम्ही मेलात की सुटलात. लोक म्हणतील, बिचाऱ्या दोघा भावांच्या रक्तातच होतं, फोटोला फोटो लावतील. ती सोय मी तुम्हाला देणार नाही. तुम्ही जगायचं. उद्या मॅडमकडे यायचं. मागची खोली आजपासून बंद. आणि मॅडमच्या अहवालावरून आरोग्य खात्याने सुनावणी लावली आहे, तिथे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, धातू कुणी आणला, विकणाऱ्याने काय बजावलं होतं, मशीन कुणी बंद केलं. बबीने तिथे पहिल्या रांगेत बसून ऐकायचं.

ते रडले. जाऊबाई जिन्याखाली उभ्या होत्या, त्याही रडल्या. मी नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम इथल्या इस्पितळात येणार होत्या, मीच त्यांना तिथे नेलं. मॅडमनी त्यांना आत घेतलं, दार लावलं. बाहेर आले तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही.

बबीची तपासणी स्वच्छ आली. तिने स्वतःच नाचत येऊन सांगितलं. त्या दिवशी मात्र मी रडले, आणि जाऊबाईंनी मला पाणी आणून दिलं. एका पेल्याने मैत्री होत नाही, पण आणलं खरं.

तुझ्यावर ओरडले ते विसर. तुझ्या त्या जनुकाला माझा नमस्कार सांग, आणि त्याला धुळीपासून सांभाळ.
वहिनी

५ नोव्हेंबर

बापूच्या बायकोस अ. आ.

आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही. हाताची सवय जात नाही.

तू दर महिन्याला मला तपासणीला नेतेस. गाडीत शेजारी बसतेस, दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत बसतेस, फुंकर मारायच्या यंत्राचा आकडा स्वतः विचारतेस, आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. म्हणून हे पत्र, एकाच घरात राहून.

सुनावणीत मी सगळं सांगितलं. तुला वाटलं असेल, भीतीपोटी. सुरुवात भीतीपोटीच केली. पण विकणाऱ्याला मी हसून काय उत्तर दिलं होतं, ते सांगायची वेळ आली तेव्हा बबीने माझ्याकडे बघायचं सोडून खाली बघितलं. त्यानंतर मी कशाला घाबरावं असं काही राहिलं नाही.

काल मॅडमनी सांगितलं, तो धातू सगळ्या लॅबमधून बंद झाला. धूळ ओढायचं यंत्र प्रत्येक टेबलाला लावायचा हुकूम निघाला, मग कामावर कुणाचंही रक्त कसंही असो. आणि ह्याच तपासणीत दुसऱ्या एका लॅबमधली पॉलिश करणारी मुलगी वेळीच सापडली. अजून तिला खोकलाही नाही. ती धुळीतून बाहेर आहे. तिला बापूचं नाव माहीत नाही.

माझा आकडा थांबला आहे, खाली जात नाही. लवकर सापडलं म्हणून, असं त्या म्हणतात. लवकर कुणामुळे सापडलं, ते मला कळतं.

बापूला मी मारलं. हे मी आजवर कुणाला असं सरळ लिहिलेलं नाही. तू मला माफ कर. तेवढं मन होत नसेल तर निदान शिव्या तरी दे. तुझं गप्प बसणं मला सोसत नाही.

थोरला दीर

८ नोव्हेंबर

ती. भाऊजींस सा. न. नमस्कार वयाला आहे.

पत्र पोचलं. जाऊबाईंच्या हाती कशाला पाठवलंत, मी पलीकडच्याच खोलीत होते.

माफी मिळणार नाही. आजही नाही, पुढेही नाही. मागू नका, दोघांचाही वेळ जातो. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत मी रोज जो आवाज ऐकला, तो तुमच्या एका पत्राने पुसला जात नाही. शिव्याही मिळणार नाहीत. दिल्या की माझं मन हलकं होईल, आणि तुमचंही. मला तुमचं हलकं करायचं नाही.

त्या पॉलिशवाल्या मुलीचं वाचलं. ते पान मी दोनदा वाचलं. तिला कुणी ह्यांचं नाव सांगायची गरज नाही. ती जिने चढते आहे, एवढं पुरे.

मंगळवारी तपासणी आहे. लवकर आवरून बसा, मला खोळंबून राहायला आवडत नाही. गोळ्या चुकवू नका. सकाळी चालायला जाताना गळ्याला काहीतरी गुंडाळा. तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळावं, आणि त्यातला एकेक दिवस तुम्हाला आठवणीसकट मिळावा, म्हणून मी काय लागेल ते करीन.

लोभ असावा असं लिहिणार नाही. श्वास असावा, ही विनंती.

बापूची बायको